आधी तेल, मग हजेरी

मित्रांनो, मी एक म्हातारा लेथ आहे, आणि अंगात इतके लोखंड असूनही स्वभावाने पक्का भित्रा आहे. हसू नका. भीती काही वजनावर ठरत नाही. ज्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही, आणि ज्याला सुरू करणे नि थांबवणे दोन्ही दुसऱ्याच्या हातात असते, त्याने घाबरू नये तर काय करावे?

लेथ म्हणजे काय, ते आधी सांगतो. लोखंडाचा तुकडा माझ्या जबड्यात घट्ट धरायचा, मी तो गरगर फिरवायचा, आणि बाजूने एक धारदार हत्यार त्याला हळूहळू टेकवायचे. साल सोलावी तसा लोखंडाचा कीस निघतो आणि ओबडधोबड तुकड्याचा गोल, गुळगुळीत दांडा होतो. जिथे जिथे काही फिरते, मग ते सायकलचे चाक असो की पाण्याचा पंप, तिथे माझ्या भाऊबंदांचा हात लागलेला असतो. माझ्या जबड्याला चक म्हणतात. चकच्या मागे माझे डोके आहे. त्या डोक्यात मुख्य दांडा बेअरिंगांवर फिरतो, आणि बेअरिंगांना रोज तेल लागते. त्यासाठी माझ्या टाळूवर बारीक भोके आहेत. ही भोके तेवढी लक्षात ठेवा, कारण माझा जीव त्यांच्यात आहे.

माझा जन्म भट्टीतला. तापलेला रस काळ्या मातीच्या साच्यात ओतला, वरून झाकण बसले आणि सगळीकडे अंधार झाला. ती माझी पहिली भीती. दुसरी लगेच आली. साच्यातून काढल्यावर मला कारखान्याच्या मागच्या अंगणात उघड्यावर टाकून दिले. ऊन, पाऊस, थंडी, सगळे अंगावर घेतले. गंज चढला. मला वाटले, आपण फसलो, आपल्याला फेकून दिले. पण रोज एक म्हातारा ओतारी येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि पोरांना बजावायचा, "याची घाई करू नका रे. आत्ता घासलात तर सरळ दिसेल, पण पुढे वाकेल. लोखंडाला आधी निवू द्यावं लागतं." ओतलेल्या लोखंडाच्या पोटात ताण असतो आणि तो सावकाशच जातो, हे मला मागाहून कळले. चांगल्या गोष्टींना वेळ लागतो, आणि तो वेळ चालू असताना बघणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते. माझ्या आयुष्यातली पुढची सगळी रडकथा या एका गोष्टीपायी आहे.

मग मला घासूनपुसून सरकारी प्रशिक्षण कार्यशाळेत आणले. त्या काळी सरकारचे लक्ष हातांवर होते. नवे कारखाने निघत होते, आणि वरची माणसे म्हणायची की लोक मेहनत कमी करत नाहीत, पण एकेका माणसाच्या हातून दिवसाकाठी जेवढे काम निघायला हवे तेवढे निघत नाही. ते निघाल्याशिवाय मजुरी वाढणार नाही, आणि देशही पुढे जाणार नाही. म्हणून कार्यशाळा उभी राहिली. उंच खिडक्या, सिमेंटची जमीन आणि ओळीने आम्ही लेथ. माझी जागा खिडकीशी होती.

आमच्या पहिल्या गुरुजींना सगळे मोठे मास्तर म्हणत. आवाज गडगडाटी, पण मशीनला हात लावायचे तेव्हा असे, की जणू झोपलेल्या तान्ह्याला उचलताहेत. त्यांचा एकच नियम होता, "आधी तेल, मग हजेरी." सकाळी विद्यार्थ्याने यायचे, आपापल्या मशीनच्या प्रत्येक भोकात तेल घालायचे, फडक्याने पुसायचे, मग एक लाकडी दांडकी माझ्या डोक्याला टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरायचे आणि आतला आवाज ऐकायचा. सगळे ठीक वाटले तरच मास्तरांपुढे जाऊन हजेरी द्यायची. ज्याने तेल घातले नाही तो त्या दिवशी गैरहजर, मग तो समोर उभा का असेना. "मी तर इथे आहे, मास्तर," असे एकदा कोणीतरी म्हणाले, तर मास्तर म्हणाले, "तू आहेस रे. पण तुझं मशीन अजून आलेलं नाही."

ते दिवस सोन्याचे होते. रस्त्यापलीकडे पंप दुरुस्तीचे एक दुकान होते. तिथला कारागीर दिवसभर कानस घासायचा, तेव्हा कुठे संध्याकाळी एक दांडा तयार व्हायचा, तोही जरा वाकडाच. आमच्याकडे शिकलेली एक मुलगी त्या दुकानात लागली, मालकाने एक जुना लेथ आणला, आणि बघता बघता सकाळच्या चहाच्या आत दांडा तयार होऊ लागला. माणसे तेवढीच, दिवसही तेवढाच. पण दुकानातल्या सगळ्यांची मजुरी वाढली, दुकानाला पक्के छप्पर आले, आणि शेजारपाजारच्यांचे पंप बंद पडून राहीनासे झाले. असे दुकानामागून दुकान होत गेले. मला कोणी हार घातला नाही, आणि मी अपेक्षाही केली नाही. खिडकीतून ते छप्पर दिसायचे, तेवढ्याने माझे पोट भरायचे.

भीती मात्र तेव्हाही सुटली नाही. एका विद्यार्थ्याने चक आवळायची चावी चकमध्येच विसरून माझे बटण दाबले. मी काय करणार? मला फिरणेच माहीत. चावी सुटली ती मोठ्या मास्तरांच्या कानाजवळून गेली आणि खिडकीच्या चौकटीत रुतली. मास्तरांनी शांतपणे ती उपटून काढली. चौकटीतली खोच अजून तशीच आहे. त्या दिवसापासून माझ्यापुढे कोणी उभे राहिले की मला त्याच्या बोटांचीच काळजी वाटते. माझ्यात जोर आहे, पण तो कोणावर चालवायचा आणि कोणावर नाही, हे मला ठरवता येत नाही.

दिवस पालटले. मोठे मास्तर निवृत्त झाले आणि त्यांचा विद्यार्थी गुरुजी झाला. त्यांना सगळे छोटे मास्तर म्हणत. आज त्यांचे केस पांढरे झाले आहेत, पण नाव छोटे ते छोटेच राहिले. नियमही तोच राहिला. बदलले ते वरच्या माणसांचे मन. कुणाला सुचले की शहराला मोठा चौक हवा. मग कारंजी हवीत. मग चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवे हवेत. यात कोणी दुष्ट नव्हते, मित्रांनो. कारंजे एका हंगामात उभे राहते आणि सगळ्यांना दिसते. एका विद्यार्थ्याचा हात तयार व्हायला मात्र वर्षे लागतात, आणि तो तयार झाला तरी दिसतो परक्याच्या दुकानात. मग ज्याला आज कौतुक हवे, तो कशावर खर्च करील?

आम्हांला सुटे भाग मिळेनासे झाले. छोटे मास्तर मागणी करत, वरून उत्तर येई, पुढच्या वर्षी बघू. मग ते नाइलाजाने एका भावाचा गिअर काढून दुसऱ्याला बसवू लागले. ओळीत माझ्या शेजारचा भाऊ असाच रिकामा झाला. आधी त्याचा पट्टा गेला, मग स्क्रू, मग मोटर. शेवटी एक भंगारवाला आला आणि त्याने हातोडीने भावाच्या पाठीवर टकटक केले. मग जाता जाता, सहज म्हणून, माझ्याही पाठीवर टकटक केले. तो आवाज माझ्या अंगात कितीतरी दिवस घुमत होता.

माझा ब्रेकही झिजला होता. पूर्वी पायाने दाबला की मी जागच्या जागी थांबायचो. आता मोटर बंद झाली तरी मी आपला फिरतच राहायचो, आणि ब्रेकचा पेडल नुसता जमिनीला टेकायचा. मास्तर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचे, "हा बंद केला तरी बंद झाला असं समजू नका."

अशा दिवसांत मावशी आली. ती सर्वांपेक्षा वयाने मोठी, म्हणून वर्गाने पहिल्याच दिवशी तिला मावशी करून टाकले. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात तिची उमर गेली होती. तिथे नवे यंत्र आले, आणि ज्यांना ते चालवता येत होते ते राहिले, बाकीच्यांना घरी पाठवले. मावशी बाकीच्यांत होती. आता ती धाकट्या बहिणीच्या दोन खोल्यांच्या घरात, मधल्या पडद्याआड राहत होती. बहीण काही बोलत नसे, पण मेहुणे ताट वाढताना नको तेवढे गप्प असत. मावशीला हे शिक्षण पुरे करायचे होते. परीक्षा माझ्यावर व्हायची होती. ती पास झाली तर रस्त्यापलीकडच्या पंपवाल्याने तिला कामावर घेण्याचे कबूल केले होते.

ती केस घट्ट बांधून, बाह्या दुमडून यायची. तिला माझी भीती वाटायची, आणि मला तिच्यासाठी भीती वाटायची, म्हणून आमचे चांगले जमले. तेल घालताना ती हळू आवाजात बोलायची. "बाबा रे, मला ही दहाच्या दहा बोटं लागतात. सांभाळून घे." मी कसे सांभाळणार? पण तिने लाकडी दांडकी कानाला लावली की मी जमेल तितका एकसुरात गुणगुणायचो.

मग एके दिवशी प्राचार्य लगबगीने कार्यशाळेत आले. मोठे साहेब येणार होते. रोजगाराच्या खात्याचे सगळ्यांत वरचे अधिकारी. फाटकापाशी नवी कमान बांधून झाली होती, तिचे उद्घाटन ते करणार होते, आणि मग कार्यशाळा पाहणार होते. कार्यशाळा चालू ठेवायची की पाडून तिथे प्रदर्शन भवन बांधायचे, हे त्यांच्या भेटीवर ठरणार होते. हे ऐकून माझ्या मनात भंगारवाल्याची हातोडी टकटक करू लागली.

"बेअरिंगं बदलून घ्यायची हीच वेळ आहे, साहेब," छोटे मास्तर म्हणाले. "याचं डोकं गरम होतंय."

"बेअरिंगला पैसे नाहीत, मास्तर," प्राचार्य म्हणाले. ते बिचारे खरेच बोलत होते. "सुशोभीकरणाला आहेत. ते दुसऱ्या कशाला वापरता येत नाहीत. रंग देऊ. निदान बरं तरी दिसेल."

मास्तर बेअरिंगसाठी स्वतः मुख्य कचेरीत गेले, आणि ते तिकडे बाकावर बसून असताना इकडे रंगारी आला. मोठा हसतमुख माणूस. शीळ घालत त्याने मला आधी घासले, मग चकचकीत हिरव्या रंगाचा जाड हात दिला, तो वाळला तसा दुसरा दिला. माझ्या अंगावरचे मापाचे आकडे बुजले. वेगाची पट्टी बुजली. आणि मग, मित्रांनो, तो ब्रश माझ्या टाळूवर आला. पहिले भोक बुजले तेव्हा मला श्वास कोंडल्यासारखे झाले. त्याची काहीच चूक नव्हती. त्याला सांगितले होते की एकही डाग, एकही खड्डा दिसता कामा नये. माझी तेलाची भोके त्याला खड्डे वाटली. रंगवून झाल्यावर तो दोन पावले मागे सरला आणि म्हणाला, "आता कसा नवरदेव दिसतोस."

मला तर साच्यातला अंधार आठवला.

सकाळी मास्तर हात हलवत परतले. मावशी तेलाचा डबा घेऊन माझ्यापाशी आलीच होती. तिने टाळूवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले, आणि मास्तरांना हाक मारली. मास्तरांनी पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून सुई काढली, पण तोवर प्राचार्य पोहोचले होते.

"मास्तर, आज तेल नाही. रंग ताजा आहे, ओघळ येतील. पाहुणे हात लावून बघतात, त्यांच्या कपड्यांना लागेल."

"साहेब, तेलाशिवाय हा चालणार नाही."

"चालवायचा कुठे आहे? साहेब आले की बटण दाबायचं, जरा फिरलेला दाखवायचा, बंद करायचा. तेवढं सोसेल की तो. कार्यशाळा वाचवायची आहे ना तुम्हांला?"

मास्तरांनी सुई परत खिशात ठेवली. रिकामा, थोडा वेळ फिरवला तर सोसेल, असा त्यांनी हिशेब केला असावा. ज्या माणसाने उभ्या जन्मात तेलाआधी हजेरी घेतली नव्हती, त्याने त्या दिवशी तेलाशिवाय हजेरी घेतली. मावशीने "हजर" म्हटले, पण ते माझ्या बुजलेल्या टाळूकडे बघत. मला आठवले, तू आहेस रे, पण तुझं मशीन आलेलं नाही.

मोठे साहेब आले. बाहेर भाषण झाले, टाळ्या झाल्या. ते आत आले तेव्हा बरोबर बरीच माणसे होती, त्यांत पंपवालाही होता. साहेब कपाळाला आठ्या घालणारे निघाले नाहीत. ते सगळीकडे कुतूहलाने बघत होते, आणि नेमके तेच माझ्या मुळावर आले. मावशीने बटण दाबले. मी फिरू लागलो. प्राचार्यांनी तिला बंद करण्याची खूण केली, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा. नुसता काय फिरवता? काम करताना दाखवा ना. मला हेच बघायचं आहे."

प्राचार्यांनी मावशीकडे पाहिले आणि मान हलवली. कर.

मावशीने मला थांबवून लोखंडाचा तुकडा जबड्यात धरला, चावी काढून बाजूला ठेवली, आणि मला पुन्हा सुरू केले. हत्यार टेकले. कीस निघू लागला. माझ्या डोक्यात, रंगाच्या त्या चकचकीत कातड्याखाली, लोखंड लोखंडावर कोरडे घासू लागले. आधी ऊब, मग चटका. मला काय होणार ते कळत होते. आता डोक्यातला मुख्य दांडा धरणार, म्हणजे बेअरिंगात अडकून एकदम थांबणार. तो धरला की जबड्यातला लोखंडाचा तुकडा हिसका खाणार. तो सुटला तर मावशीचा हात समोर होता, तिचा चेहरा समोर होता, आणि तिच्या खांद्यामागून साहेब वाकून बघत होते. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही. मला ओरडायचे होते. ओरडण्यासाठी माझ्याजवळ होता फक्त तो आवाज, आतून येणारी एक बारीक, किरकिरी शीळ.

लोक बोलत होते, कॅमेरे वाजत होते. त्या गलक्यात मावशीने हात आखडला. हत्यार मागे घेतले, लाकडी दांडकी उचलली, माझ्या डोक्याला टेकवली आणि कान लावला.

"चालू द्या, चालू द्या," प्राचार्य हसत, पण दात आवळून म्हणाले.

तिला समजत होते की आता बंद केले तर कार्यशाळेची लाज जाईल. कदाचित कार्यशाळाच जाईल, तिची परीक्षा जाईल, आणि पडद्यामागचा कोपरा कायमचा नशिबी येईल. ती माझ्याइतकीच घाबरलेली होती. तिने लाल बटण दाबले.

मोटर थांबली. मी थांबलो नाही. तिने ब्रेकवर पाय दिला, पेडल जमिनीला टेकला, आणि तरी मी फिरतच राहिलो. तेव्हा तिने केले ते या कार्यशाळेत शिकलेल्या प्रत्येकाने केले असते. चकच्या रेषेतून ती बाजूला झाली. फक्त एकटी नाही झाली. तिने साहेबांचे कोपर धरले आणि त्यांना खस्सकन आपल्या बाजूला ओढले.

त्याच क्षणी माझा मुख्य दांडा धरला. मी किंचाळलो. लोखंडाचा तुकडा जबड्यातून उसळून हत्यारावर आपटला आणि खालच्या तबकात पडला, हत्याराचे टोक मोडले, आणि ते टोक साहेब जिथे उभे होते तिथून जाऊन खिडकीच्या चौकटीत रुतले. जुन्या खोचेच्या शेजारी आता नवी खोच झाली.

साहेबांनी आधी चौकटीकडे पाहिले, मग मावशीकडे.

"बाई, बंद का केलंत?"

"आवाज बदलला, साहेब."

"कशाचा आवाज?"

"तेल नसल्याचा."

"मग तेल का नाही घातलं?"

मावशीने मास्तरांकडे पाहिले, प्राचार्यांकडे पाहिले. तिला कोणाला तोंडघशी पाडायचे नव्हते, पण दुसरे उत्तरच नव्हते.

"तुम्ही येणार होता म्हणून," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. मी तापलेला होतो. रंग वितळून त्यांच्या तळव्याला लागला आणि माझ्या टाळूवर त्यांचा पंजा उमटला. ते रुमालाने हात पुसत राहिले.

"मी दर वर्षी विचारतो," ते शेवटी म्हणाले, "की आपल्याकडे एकेका माणसाच्या हातून निघणारं काम वाढत का नाही. मला जाडजाड उत्तरं मिळतात."

"हाताचं काम दोनच गोष्टींनी वाढतं, साहेब," छोटे मास्तर म्हणाले. "हातात चांगलं हत्यार द्यावं, आणि हाताला शिकवावं. इथे दोन्ही व्हायचं."

"कमानीचे पैसे मला बेअरिंगला वळवता येत नाहीत, मास्तर."

"ठाऊक आहे. पण कमानीला जास्त आणि बेअरिंगला नाही, हे आधी कुणीतरी ठरवलंच असेल ना?"

साहेबांनी खिडकीबाहेर, कमानीकडे पाहिले. त्यांना राग आला नाही. मला वाटते, त्यांना थोडी शरम वाटली आणि बराचसा थकवा आला. "बेअरिंगचं उद्घाटन करता येत नाही," ते म्हणाले, आणि गेले.

त्या भेटीतून जे निघाले ते असे. कार्यशाळा पाडायची नाही, निदान तूर्त तरी नाही, असे ठरले. बेअरिंगे पुढच्या वर्षी मिळतील असे कळवण्यात आले. मावशीची परीक्षा झाली नाही, कारण ज्याच्यावर व्हायची तो मी अडकून बसलो होतो. ती माझ्याजवळ येऊन डोळे पुसत होती, तेव्हा पंपवाला आला. "बाई, मशीन चालवणारे गल्लोगल्ली मिळतात," तो म्हणाला. "वेळेवर बंद करणारं माणूस मला अजून मिळालं नव्हतं. उद्या या." आता मावशी त्याच्याकडे कामाला आहे. पडद्याआडचा कोपरा सोडून तिने बहिणीच्या शेजारीच खोली घेतली आहे, आणि मेहुणे आता तिच्याकडे स्वतःहून चहाला जातात.

आणि मी? माझ्यासाठी पैसे आले, मित्रांनो. आले, पण सुशोभीकरणाच्या खात्यातून आले. ज्याच्यापाशी साहेबांचा जीव वाचला ते हे यंत्र, त्याचा मान राखला पाहिजे, असे प्राचार्यांच्या मनात आले. त्यांनी हे अगदी प्रेमाने केले, त्यांच्याविषयी वाईट बोलवत नाही. कमानीच्या पायाशी सिमेंटचा चौथरा बांधला आणि मला त्यावर बसवून बोल्टांनी जखडून टाकले. या वेळी रंग सोनेरी आहे. टाळूवरचा साहेबांचा पंजा त्याखाली गेला. रात्री माझ्यावर दिवे लागतात. येणारेजाणारे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

रंग वाळल्यावर छोटे मास्तर एकटेच आले आणि त्यांनी सुईने माझी भोके मोकळी केली. "तू आता फिरणार नाहीस," ते म्हणाले, "पण श्वास तरी घे." आणि रोज सकाळी कामावर जाताना मावशी माझ्यापाशी थांबते, पिशवीतून लहान डबा काढते आणि प्रत्येक भोकात थेंबभर तेल सोडते. लोक हसतात. एकाने विचारले, शोभेच्या मशीनला तेल कशाला? मावशी म्हणाली, "त्याशिवाय माझी हजेरी लागत नाही." मग ती समोरच्या दुकानात जाते, आणि थोड्या वेळाने तिच्या लेथचा आवाज माझ्यापर्यंत येतो. त्या आवाजात तेल आहे, हे मला ओळखू येते.

पण माझी भीती मात्र गेलेली नाही. कार्यशाळेच्या खिडक्या माझ्या पाठीशी आहेत. आत माझे उरलेले भाऊ फिरतात, त्यांच्यापुढे मुले वाकून उभी असतात, आणि मला सगळे ऐकू येते. कालपासून ओळीतल्या शेवटच्या भावाचा आवाज बदलला आहे. ती शीळ मी ओळखतो. पुढच्या महिन्यात पुन्हा कोणी पाहुणे येणार आहेत, आणि आत नव्या रंगाचे डबे गेलेले मी पाहिले आहेत. छोटे मास्तर आज पुन्हा मुख्य कचेरीत गेले आहेत. मावशी अजून आलेली नाही.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोर उभे असाल, तर माझी चमक बघत थांबू नका. मी कुठे जात नाही. माझ्यामागच्या दाराने आत जा, ओळीच्या शेवटापर्यंत जा, आणि तिथे जो कोणी त्या मशीनपुढे उभा असेल, त्याला आधी लाल बटण दाबायला सांगा. मग तेलाचा डबा शोधा. फोटो नंतर काढता येईल.